गीताबाईंच्या उतरण्याबाबत

माणूस शिडीवरून पडतो तो शिडी असल्यामुळंच. शिडी नसेल तिथं शिडीवरून पडल्याची एकही नोंद नाही. या शास्त्रीय पायावर गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीनं खिडक्या पुसण्याची सुरक्षा नियमावली केली. मला तिचा अभिमान आहे.

पार्किंगवर सपाट स्लॅब आहे. पहिल्या मजल्याच्या काचा बाहेरून पुसायच्या तर शिडीनं त्यावर चढावं लागतं. शिडीचं टोक स्लॅबच्या चांगलं वर निघालेलं असावं. चढताना दोन्ही पाय आणि एक हात शिडीवर, दुसऱ्या हातात बादली. (फडकं दातांत धरावं. तक्रारीही कमी होतात.) पेंटर लोक ज्याला घोडा म्हणतात ती दुहेरी शिडी आणायचं चाललं होतं, पण आवारात जनावरं नकोत असा ठराव आधीचाच असल्यानं ते बारगळलं. शिवाय, शिडी बेवारस उभी ठेवू नये. हे कलम सेक्रेटरी अप्पारावांचं.

आज कामाला आलेल्या गीताबाई नियमाप्रमाणं चढल्या. त्या वर पोचताच शिडी बेवारस झाली. अप्पारावांनी ती तत्परतेनं उचलून मीटरच्या खोलीत कुलूपबंद केली. अपघाताची शक्यता शून्यावर आली.

काचा लख्ख झाल्या, तेवढ्यात गीताबाईंना शेजारणीचा फोन आला : नळ आला. (आपल्या शहरात जावई वरचेवर येतो, नळ नाही.) मुलगा संघपाल शेंद्र्याला कारखान्यात ड्युटीवर, घराला कुलूप, पिंप कोरडं.

"ओ अप्पारावभाऊ, शिडी लावा की! पाणी जाईन ना माझं!"

"बाई, नियमावली चढण्याची आहे. उतरण्याचं त्यात कुठंच नाही."

"मंग म्या हितंच ऱ्हाऊ व्हय?"

"तिथं तुम्ही सुरक्षित आहात."

"लई झाली सुरक्षा! पाणी काय तुमचा बाप भरतो का?"

(हा मुद्दा इतिवृत्तात घेतलेला नाही.)

मी त्यांना खिडकीतून घरात घ्यायला गेले, तर चोरांसाठी बसवलेली जाळी. तिच्यातून कप जातो, बाई जात नाही. म्हणून चहा दिला. "चहाचं काय घेऊन बसलाव ताई," म्हणत त्यांनी घेतला, पण लक्ष फोनकडं.

अप्पाराव निष्ठुर नाहीत. बहुमत दाखवा, या मिनिटाला कुलूप काढतो, म्हणाले. म्हणून हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्यांदा टाकतेय. पहिल्या खेपेला तीन नमस्कार आले, एक गुलाबाचा गुच्छ, आणि 'काचा मस्त निघाल्या' असा शेजारच्या फ्लॅटमधल्या श्रेयाचा अभिप्राय.

खाली फक्त 'हो' लिहायचंय. नळ अजून चालू आहे. 'हो' एकही नाही; वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र भराभर येताहेत.

ही आत्ता आली ती तुमची.