मिठाचा धडा सातवा

किराणा मालाची खरेदी भाषेवर प्रभुत्व मिळवूनच करावी, असा ठराव निवृत्त हेडक्लार्कांनी स्वतः मांडला, स्वतःच अनुमोदन दिले आणि बायको आंघोळीला गेली असताना एकमताने संमत केला.

कारण तसेच घडले होते. लेकीजवळ राहावे म्हणून दोघे परदेशातल्या या नव्या गल्लीत आले, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला स्पॅनिशखेरीज अक्षर येत नव्हते. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कांना दुधाकडे बोट दाखवावे लागले. ज्यांच्या सहीवाचून एकेकाळी कचेरीतली टाचणी हलत नसे, त्यांना हे फार लागले.

त्यांनी मोबाइलवर अभ्यासक्रम घेतला. ज्या वस्तूचे नाव येईल तीच घरात येईल, असे जाहीर केले. पहिला धडा फळांचा असल्याने घर सफरचंदांवर जगले. मग पाव आला, मग चीज. मीठ होते सातव्या धड्यात आणि सहाव्यात पास झाल्याखेरीज सातवा उघडत नव्हता. सहावा मासळीचा. हेडक्लार्कांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. ते शिंपल्यांत पुन्हा पुन्हा नापास होत राहिले.

बायको म्हणाली, "मी जाते आणि बोट दाखवून मीठ घेऊन येते."

"म्हणजे कॉपी करणार?"

घर अळणी जेवत राहिले.

अशात रविवारी व्याही-विहीणबाई जेवायला येणार असे ठरले. व्याह्यांच्या पानात अळणी भाजी पडणार होती. लेकीच्या सासरी नाक कापले जाणार होते. ते हात धुऊन शिंपल्यांच्या मागे लागले. बायको मधूनमधून येऊन काहीबाही सांगत होती, पण परीक्षार्थ्याने विचलित व्हायचे नसते. रविवारी सकाळी शिंपले सर झाले आणि मीठ उघडले.

"किएरो साल, पोर फावोर," दुकानात ते खणखणीत म्हणाले. दुकानदार खूश झाला आणि त्याने उलट काहीतरी विचारले. अभ्यासक्रमात फक्त गिऱ्हाईक बोलत असे. दुकानदाराने बोलावे अशी तरतूदच नव्हती. समजले नाही असे कबूल करणे तर उभ्या नोकरीत कधी बसले नव्हते. हेडक्लार्क रुबाबात म्हणाले, "सी." म्हणजे हो. दुकानदाराने आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, त्याही मंजूर झाल्या.

दोन हमालांनी खडेमिठाचे पोते घरात आणून टाकले. माल परत करण्याचा धडा अकरावा होता.

पाने वाढली. व्याह्यांनी पहिला घास घेतला, तोंड वाकडे केले आणि पोत्याकडे पाहिले. "अहो, डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय. फोनवर सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मीही तीनदा सांगितलं," बायको म्हणाली. "चक्क मराठीत. मोबाइलमधून मान वर न काढता तुम्ही नुसतं हूं म्हणालात."

हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त एक विचारायचे होते. हे वाचत असताना आत्ताच आतून कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि आपण "हूं" असे उत्तर दिलेत. काय म्हणाले होते?