बाबारावांचा उंच बूट

शंका आली की मोजमाप करावे, म्हणजे गोंधळ उरत नाही, असे बोथ गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हर्षदीपचे ठाम मत होते. म्हणूनच काका बाबाराव यांना दिव्यांग तपासणीच्या शिबिरात त्याने स्वतः नेले. जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. नवे मिळाले नाही तर पेन्शन बंद. आणि पेन्शन बंद म्हणजे बाबारावांनी चहासुद्धा पुतण्याच्या खिशातून प्यायचा. त्यांना ते पोलिओपेक्षा जड वाटे.

लहानपणच्या पोलिओने त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. त्यावर हर्षदीपनेच उपाय काढला होता: मोच्याकडून डाव्या बुटाला जाड तळ बसवून घेतला होता. ते बूट घालून बाबाराव फौजदारासारखे चालत. आज नेमके तेच नको होते.

"बूट काढून चालायचं, काका. डॉक्टरला पाय दिसला पाहिजे, मोच्याचं काम नाही."

दाराशी पाटीही तशीच होती: पादत्राणे बाहेर काढा. पण बाबाराव अडले.

"अन् चोरीले गेले त? चोर काई पायाची लांबी पाहून नेत नाई, मास्तर."

तर्क बिनतोड होता. हर्षदीपच्या एका हातात कागद, दुसऱ्यात काका; बूट धरायला तिसरा हात नव्हता. त्याने स्वतःच्या सँडल दाराशी काढल्या आणि काकांचे बूट पायात चढवले. माप जुळले, उंची मात्र एकाच बाजूला वाढली. शिपाई प्रत्येकाच्या चपला उतरवून घेत होता, पण तो जाड तळ पाहून आदराने बाजूला झाला.

आत जाताना काका डावीकडे कलत होते आणि हर्षदीप उजवीकडे. त्यामुळे पावलागणिक दोघांची डोकी जवळ येत, जणू काही गुपित ठरते आहे. स्टूल एकच होते. काका थकून त्यावर बसले. डॉक्टरांनी हर्षदीपच्या हातून कागद घेतले.

"चलके दिखाओ."

काकांना वाट द्यावी म्हणून हर्षदीप बाजूला सरकला. ते सरकणे डॉक्टरांनी बारकाईने पाहिले आणि हे कधीपासून आहे, असे विचारले.

बाबारावांना खोटे बोलणे ठाऊक नव्हते. पुतण्याकडे काळजीने पाहत ते म्हणाले, "आजच हुआ, साब. सबेरे अच्छा था."

डॉक्टरांचे पेन थांबले. आज सकाळी सुरू झालेल्या व्याधीवर पेन्शन मागायला आलेला माणूस त्यांनी यापूर्वी पाहिला नसावा. हर्षदीपने खुलासा आरंभला. पाय सदोष नाही, सदोष बूट आहे. म्हणजे बूटही सदोष नाही, परंतु तो त्याचा नाही. कागद आणि पेन्शनही त्याची नाही. गुरुत्वमध्याच्या मुद्द्यापाशी डॉक्टरांनी चष्मा काढला.

"इसमें आपका क्या है?"

हर्षदीपने प्रामाणिकपणे विचार केला. बाहेरच्या सँडलखेरीज काहीच आठवेना.

इतक्यात बाबारावांनी, कोणी न सांगता, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतले. तो काडीसारखा पाय पाहिल्यावर डॉक्टरांना काही विचारावे लागले नाही. त्यांनी तपासले, लिहिले, काम होईल असे काकांना सांगितले, आणि हर्षदीपला एवढेच बजावले की, आपण बोलू नये.

बाहेर दाराशी सँडल नव्हत्या.

काकांचे बूट काकांना परत द्यावेच लागले. तापलेल्या डांबरावरून हर्षदीप अनवाणी, कधी टाचेवर, कधी बोटांवर, बसपर्यंत पोहोचला; मागून बाबाराव फौजदारासारखे आले. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेवर बसलेल्या बाईंनी दोघांना निरखले आणि उठून हर्षदीपला जागा दिली. त्याने खुलाशासाठी तोंड उघडले, मग डॉक्टरांचा सल्ला आठवला.

"बस, मास्तर," वरचा दांडा धरत बाबाराव म्हणाले. "उतरलो का चहा मी पाजतो."

हर्षदीप बसला.