तिन्ही त्रिकाळ वीज!

"या घरातली वीज घालवायची कुणाची टाप नाही!" वायरमनकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. चाळीस वर्षं खांबांवर चढून लोकांच्या घरी वीज जोडणाऱ्या या माणसाने निवृत्तीनंतर घर बांधलं ते जिथे एकही खांब पोचत नाही अशा टेकडीवर! छपरावर सोलरची आठ पॅनेल, मागे वाऱ्यावर फिरणारा पंखा, जिन्याखाली बॅटऱ्या, आणि ऊन-वारा दोघांनी दगा दिलाच तर शेडमध्ये डिझेलचा जनरेटर. सगळ्यांच्या तारा दारामागच्या एका बोर्डावर यायच्या आणि तिथून घरात जायच्या.

एवढा थाट होता काकूंसाठी. वादळात काका बाहेर लोकांची वीज जोडताहेत आणि घरी काकू काळोखात ताटकळत बसल्यात, असा निम्मा संसार झालेला. त्यामुळे टेकडीवर यायला त्यांनी एकच अट घातली. "वीज एकदा जरी गेली ना, तर मी त्याच पावली लेकीकडे!" नुसतं बोलून थांबल्या नाहीत, एक लाल बॅग भरून दाराशी ठेवली. सहा महिने काका त्या बॅगेला वळसा घालून जात-येत होते. काकूंशिवाय आपला इथे एक दिवसही निघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कबूल कोण करणार!

त्या दिवशी सकाळी काका नुकतेच छपरावर चढून पॅनेल पुसायला लागले होते. चांगली शीळ घालत होते. तेवढ्यात बाथरूममधून हाक आली.

"अहो! पाणी गेलं! डोक्याला शाम्पू आहे माझ्या!"

"पंप बघ ना!"

"पंप बंद पडलाय! आणि दिवाही गेलाय!"

शिडीच्या चार-चार पायऱ्या गाळत काका खाली उतरले. ऊन? रणरणतंय! पंखा? गरगर फिरतोय! बॅटऱ्या? काठोकाठ भरलेल्या! आणि घरात मात्र वीज ठप्प!

"दोनच मिनिटं!" म्हणत काका शेडकडे धावले. तिसऱ्या हिसक्याला जनरेटर असा धडधडायला लागला की भिंतीवरची फावडी खाली आली. दिव्याचं मात्र नाव नाही.

"अहो, हा आवाज कसला?"

"वीज येतेय!"

"कशी? बैलगाडीतून?"

काका घामाघूम होऊन आत आले आणि जागीच थिजले. डोक्याला टॉवेल गुंडाळून, कानामागून फेस ओघळत असताना, काकू लाल बॅग उघडत होत्या.

"अगं, शाम्पू तरी धुऊन जा!" काकांनी बॅगेचा बंद धरला. "बादलीने पाणी आणून देतो. पण जाऊ नकोस गं. तू नसलीस तर हे दिवे मी लावू कुणासाठी?"

चाळीस वर्षांत हा माणूस एवढं सरळ कधी बोलला नव्हता. मग काकूंनी बॅग पलंगावर उलटी केली. कपडे नव्हतेच. टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेट्या, पत्त्यांचा जोड आणि रुमालात बांधलेले चार फ्यूज.

"ही लेकीकडे जायची तयारी?"

"वीज गेलीच, तर काळोखात दोघांनी बसायची. या वेळी तुम्ही घरी असणार होतात ना!"

"आणि फ्यूज कशाला?"

"चाळीस वर्षं तुमचे शर्ट धुतलेत मी. तुमची सवयच, खांबावर चढण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, खाली कुणी चुकून वीज सोडायला नको म्हणून. धुताना तो हाताला लागला की मला बरं वाटायचं. म्हणजे माणूस धड खाली उतरलाय." काकूंनी डोळ्यांतला फेस पुसला. निदान फेसच असावा. "मघाशी छपरावर चढताना बोर्डाला हात लावला होतात?"

काकांचा हात खिशाकडे गेला. फ्यूज तिथेच होता, छातीशी, चांगला ऊबदार!

त्यांनी मान खाली घालून तो बोर्डात बसवला. दिवे लागले, पंप घुरघुरला.

"मग... अट?" काकांनी चाचरत विचारलं.

"वीज गेली कुठे? तुम्हीच खिशात घालून फिरत होतात! जा, आधी तो जनरेटर बंद करा." हसत हसत काकू पुन्हा बाथरूममध्ये शिरल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. शीळ घालत ते शेडमध्ये गेले, जनरेटर बंद केला. टेकडीवर कशी छान शांतता पसरली!

"अहो! पाणी गेलं!"

काकांनी हळूच खिसा चाचपला. जनरेटरकडे जाताना सवयीने काढलेला फ्यूज पुन्हा तिथेच!