जंगल जेवलं का?

सकाळी माझे हात कणकेत असतात, आणि भिंतीपलीकडून आरोळी येते, "वहिनी, जेवलं!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, महाजन सरांनी मांजर पाळलं. चौकशी केली तर मांजर नाही, जंगल! निंबोल्याच्या बाजूचं जंगल जेवलं, ही खबर सर मला इकडे बऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यात घसा ताणून देत होते. आता मला सांगा, जंगल जेवलं तर मी काय करू? टाळ्या वाजवू? माझ्या घरात तिघांचे डबे व्हायचे असतात, त्यांचं कुणी विचारत नाही.

महाजन सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले. मूलबाळ नाही. बायको, आमच्या शालूवहिनी, जाऊन काही वर्षं झाली. रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, ओट्यावर बसून राजकारण करतात. हे गृहस्थ ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसतात आणि आभाळातल्या उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून जंगलाने किती स्वयंपाक केला ते काढतात. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, हे मीसुद्धा चौथीच्या पोरांना शिकवते. पण ते शिकवून मी गप्प घरी येते ना!

"सोपं आहे वहिनी," सर म्हणतात. "पान तांबडा उजेड पिऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा उजेड परत फेकतं. उपग्रह वरून दोन्ही बघतो. किती प्यायलं, किती फेकलं, त्यावरून किती शिजलं त्याचा अंदाज."

"म्हणजे नक्की नाहीच."

"तुम्ही आमटीत मीठ नक्की टाकता का?"

हे असं. माझ्या आमटीवर येण्याचं काही कारण होतं का?

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण सरांचं दुसरं खूळ आहे केळीचं. चौफेर केळी पिकणाऱ्या बऱ्हाणपुरात राहून माणसाने केळीशी वैर धरावं, म्हणजे काय म्हणावं! कुणी 'केळीचं झाड' म्हटलं की संपलं. "झाड नव्हे ते! ते खोडसुद्धा नव्हे, नुसत्या पानांच्या देठांच्या गुंडाळ्या आहेत! गवताची फुगलेली बहीण आहे ती!" आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी बिचारे चौरंगाला केळीचे खांब बांधत म्हणाले, "चारी झाडं सारख्या उंचीची बघा." झालं! सर पूजेला आले होते, ते पंचपात्र बाजूला सारून उभेच राहिले. पूजा थांबली. गुरुजींना वनस्पतिशास्त्र समजावून झालं तोवर प्रसादाचा शिरा थंडगार. नंतर सरांनी तोच शिरा दोनदा मागून घेतला, हेही सांगते.

आणि ती मीटिंग! कुठल्याशा लांबच्या संस्थेने जंगलाचा नकाशा केलाय, तो तपासायला सर फुकट मदत करतात. एकदा त्यांचं नेट बंद पडलं, म्हणून मीटिंग आमच्या बैठकीत. पडद्यावरची चांगली शिकलेली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या भागात तर हिरवाई वाढलीय. जंगल जास्त जेवतंय." सर असे भडकले की आमच्या यांच्या हातातला चहा हिंदकळला.

"अहो, केळी आहे ती! केळीला जंगल म्हणता? मग माझ्या टकलाला कुरण म्हणा!"

पोरगी हसली. मीही हसले. सर हसले नाहीत. मी मनात म्हटलं, एवढं काय बिघडलं? पण तेव्हा मला काय मालूम.

सरांच्या नकाशावर एक ठिपका आहे. सगळ्या जंगलाचा हिशेब झाला की शेवटी ते तो ठिपका मोठा करून बघतात. तो शालूवहिनींचा. निंबोल्याला त्यांच्या धाकट्या भावाची, रमेशची शेती. शेताच्या कडेला जंगलाला लागून बरड जमीन होती, तिथे वहिनींनी हौसेने बिया टोचून अंजन, पळस, कडुनिंब वाढवले होते. वहिनी गेल्यापासून सर तिकडे फिरकले नाहीत. "पाय उचलत नाही," एवढंच म्हणायचे. पण नवं चित्र आलं की ठिपका बघायचे, आणि मग ती आरोळी.

यंदा भर मे महिन्यात आम्हा मास्तरणींना सर्वेच्या कामाला जुंपलं. सुट्टी आमची, ऊन बऱ्हाणपूरचं, आणि हुकूम साहेबांचा! माझ्या वाट्याला नेमकं निंबोला आलं. म्हटलं, जातेच आहे तर वहिनींच्या झाडांचा फोटो काढून आणू, सरांना बरं वाटेल.

जाऊन बघते तर झाडं नाहीत. एकसुद्धा नाही. बरड सपाट केलेली, ठिबकच्या नळ्या टाकलेल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत केळी.

माझं डोकंच सणकलं. तिथल्या तिथे रमेशला धरला. "काय रे, लाज नाही वाटली? बहिणीच्या हाताची झाडं होती!"

"हाव ना ताई," तो खाली बघत म्हणाला. "पन पोट तं भरलं पाह्यजे ना. कापसाने दोन साल दगा देला. वावर तं तेवढंच हाय."

"सरांना विचारलंस?"

"दाजींना काय तोंडाने विचारू?"

मी आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. निघताना त्याने केळीच्या पानांची एक गुंडाळी माझ्या हातात कोंबली. "दाजींना द्या." मी म्हटलं, तूच दे जाऊन. तरी त्याने पिशवीत घातलीच.

घरी येईपर्यंत ठरवलं होतं, सरांना सांगायचं नाही. कशाला त्यांच्या जिवाला घोर! पण माणूस गप्प बसू देईल तर ना. मी दारात पाय ठेवते न ठेवते, तो ओट्यावरून, "वहिनी, ठिपका बघा! भर मेमध्ये काय जेवतोय!"

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "केळी आहे तिथे सर! रमेशने सगळी झाडं तोडली!"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"मालूम आहे."

"कुणी सांगितलं?"

"हिनेच." त्यांनी पडद्यावरच्या आलेखाच्या रेघेवर बोट ठेवलं. "अंजन-पळस उन्हाळ्यात पानं टाकतात. जंगलाचा उपास असतो तो. दर मेमध्ये ही रेघ खाली यायची, आणि पावसात पारणं. गेल्या उन्हाळ्यात रेघ खाली आलीच नाही. उपास न करता बाराही महिने जेवतं, असं आपल्याकडे दुसरं काय आहे?"

मी खरंच चिडले. "आणि तुम्ही मुकाट बसलात? गुरुजींवर ओरडता, त्या पोरीवर ओरडता, आणि ज्याच्यावर ओरडायचं त्याला काही नाही?"

"काय बोलू त्याला? आई गेली तेव्हा तो एवढासा होता. शालूने मांडीवर घेऊन भरवलाय त्याला." सरांनी ठिपका पुन्हा लहान केला. "तिचं झाड जेवलं काय आणि तिचा भाऊ जेवला काय. पण वहिनी, राग येतो हो. फार राग येतो. तो कुठेतरी काढावा लागतो."

"मग अजून 'जेवलं, जेवलं' म्हणून आरोळ्या कशाला ठोकता?"

"शालू रोज विचारायची ना, जंगल जेवलं का. मी आधी जंगलाचं सांगायचो, मग ती माझं ताट वाढायची. आता विचारत कुणी नाही. सांगायची सवय मात्र राहिली."

या माणसाच्या चुलीचं मी कधी विचारलं होतं? डब्यावाला येतो, एवढं माहीत होतं. डबा कितीदा तसाच परत जातो, ते तर दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी मीच भिंतीपाशी जाऊन हाक मारली. "सर, जंगल जेवलं का?"

पलीकडून सरांचा आवाज आला, "आज चित्र नाही आलं अजून."

"येईल तेव्हा येईल. तुम्ही या जेवायला."

आले. इस्त्रीचा सदरा घालून आले, जसं काही लग्नाचं आवतण होतं. मी पाटासमोर निंबोल्याचं केळीचं पान धुऊन मांडलं होतं. सर बघतच राहिले. मी आधीच दम भरला, "झाडाचं नाही, ठाऊक आहे मला! गुपचूप जेवा."

"कुठलं पान?"

"वहिनींच्या ठिपक्यातलं."

मी आमटी आणायला आत वळले. सरांना वाटलं, मी गेलेच. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, मग पानावर अलगद तळहात ठेवला आणि हळूच विचारलं, "जेवलीस का गं?"