न येणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद

आमचे घाडीमामा रोज दुसऱ्याच्या घरचं जेवतात, आणि तेही स्वतःच्या खोलीत, स्वतः शिजवून.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मामांचं लालबागला मसाला कुटायचं दुकान आहे. मार्च ते मे लोक भाजलेल्या मिरच्या, धणे, दगडफूल घेऊन येतात आणि मामा डंकनाच्या लोखंडी मुसळांखाली कुटून देतात. एका घराचा मसाला कुटून झाला की उखळीच्या तळाशी दोनेक चमचे उरतात. ते पुढच्या घराच्या मसाल्यात मिसळू नयेत म्हणून मामा ब्रशने झाडून डबीत भरतात. संध्याकाळी तोच मसाला त्यांच्या आमटीत. मग जिन्यात गाठ पडली की सांगतात, "झिला, आज राण्यांकडे जेवलंय. मीठ तेवढं माझं."

मामा बासष्ट वर्षांचे. लग्न केलं नाही. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये एक भिंत आणि तिच्यातून येणारा खमंग ठसका. मी एका औषध कंपनीच्या गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवतो. त्यामुळे मामांच्या नोंदी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

जुन्या लग्नपत्रिका अर्ध्या कापायच्या, कोऱ्या बाजूवर एकेका घराचं प्रमाण लिहायचं आणि कार्ड तारेत ओवायचं. अशा आठ तारा. नावाप्रमाणे नाहीत, चाळीप्रमाणे नाहीत.

"मग कशा लावल्यात मामा?"

"ही शांत घरं. ही तापट. आणि ही 'गेल्या खेपेचा बरा नव्हता हां' म्हणणारी."

मी घड्याळ लावून पाहिलं. कुठलंही कार्ड ते नऊ सेकंदांत काढत. हे कसं, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

गेल्या वर्षी उंदरांनी एका तारेतली कार्डं कुरतडली. सात घरांचे मसाले त्यांच्या पोटात गेले. मामा दोन दिवस दुकानात नुसते बसून होते. मी म्हटलं, "मामा, आता कॉम्प्युटर घ्या." ते हो म्हणाले, आणि माझा गोंधळ तिथून सुरू झाला.

गोदामात नवी प्रणाली घेताना आम्ही जसा तक्ता करतो तसा मी केला. अकरा गरजा उभ्या, पाच कंपन्या आडव्या. मामांनी तो तक्ता कौतुकाने पाहिला, त्याच्यावर बेडगी मिरच्या वाळत घातल्या आणि येईल त्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला.

"जां गिऱ्हाईक येत नाही, त्याचा तुमचा मशीन काय करता?"

पहिला म्हणाला, वर्षभराने आपोआप काढून टाकतं. मामा म्हणाले, "चहा घेऊन जा." दुसरा म्हणाला, त्यांना सवलतीचा मेसेज जातो. त्यालाही चहा. तिसऱ्याने मोठ्या हौसेने मेसेजच दाखवला: 'आम्हाला तुमची आठवण येते.'

"आठवण माका येता," मामा म्हणाले. "मशीन कित्याक बोलता?"

चौथ्याने शोधून दाखवतो म्हणून 'सावंत' टाईप केलं. चाचणीसाठी मी भरलेल्या यादीतून एकेचाळीस सावंत बाहेर आले. मामांना हसू आवरेना. "अरे, मला ती तिरफळं मोजून घालणारी सावंतीण हवी! ती यातली खंयची?"

माझ्या तक्त्यात या चौथ्याला सर्वांत जास्त गुण होते. मामांनी त्याला चहाही दिला नाही.

पाचवी आली दीक्षा. नायगावच्या चाळीत वाढलेली मुलगी. तिने लॅपटॉप उघडण्याआधी तारा पाहिल्या. मामांनी प्रश्न विचारला तेव्हा म्हणाली, "ते तुम्ही सांगाल तसं, मामा. तुम्ही काय करता त्यांचं?"

मामांनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. आणि म्हणाले, "हिचाच घेऊ."

अडचणी दोन होत्या. तिच्या प्रणालीला सगळं ग्रॅममध्ये लागे आणि मामांच्या कार्डांवर मुठी होत्या. शिवाय मामांना झेपेल त्या योजनेत तीनशे गिऱ्हाइकं मावत होती. कार्डं होती चारशे बारा.

दुसरी अडचण मी अंगावर घेतली. असल्या कामात माझा हात कोणी धरणार नाही. हंगामाआधीच्या एका रविवारी दुपारी दुकानात बसलो, दीक्षा लॅपटॉप घेऊन शेजारी. मामा एकेक कार्ड हातात घेत आणि मी नाव न बघता विचारत गेलो. हे शेवटचे कधी आले? गेली तीन वर्षं न फिरकलेली घरं वेगळी काढली. कोणी विरारला गेलं, कोणी वारलं, कोणी पाकिटातला मसाला आणायला लागलं. एकशे अठरा भरली.

"चारशे बारातून एकशे अठरा गेली. उरली दोनशे चौऱ्याण्णव. बसतात!" मी म्हटलं.

मामांनी तो एकशे अठराचा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्येंका घालवलंस तर जूनपासून मी जेवू खंय?"

मला काही कळेना. दीक्षानेही हात थांबवला.

"हंगाम तीन महिन्यांचा, रे. तेवढे दिवस उखळीत कोणाचं ना कोणाचं उरतं. पुढचे नऊ महिने कोण येतो कुटायला? मग मी यातलं एक कार्ड काढतो आणि पावशेर कुटतो. आठवडाभर त्यांच्याकडे जेवतो. येणाऱ्यांची कार्डं गेली तरी, आले की त्यांना विचारीन. ही घरं आता कोणाला विचारू?"

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. "काका, मग हीच भरू या. मावतात."

म्हणजे ज्या प्रणालीत गिऱ्हाइकांची नोंद ठेवायची, तिच्यात फक्त कधीही न येणारी गिऱ्हाइकं. येणारी तारेवरच. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं उफराटं काम मी पाहिलं नव्हतं. पण मी कार्डं वाचून दाखवू लागलो.

मुठीचा प्रश्न मामांनी सोडवला. प्रत्येक घरातल्या बाईची मूठ त्यांना पाठ होती. आपल्या मुठीत धणे घ्यायचे, थोडे सांडायचे किंवा वाढवायचे आणि काट्यावर ठेवायचे.

साठाव्या की एकसष्टाव्या कार्डाला मी थांबलो. मागे कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त, पुढे 'धणे पाच मुठी, नागकेशर नको'. वर आमचंच आडनाव. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे पाकीट येतं.

मामांनी मूठ भरली, तिच्यातले जवळजवळ निम्मे धणे परत पोत्यात सोडले. "तुझ्या आवशीची मूठ ल्हान," ते म्हणाले.

दीक्षाने ग्रॅम लिहिले. खाली एक चौकट रिकामी होती. ती भरल्याशिवाय नोंद पुढे जात नव्हती.

"शेवटची भेट कधी?" तिने विचारलं.

"चार वर्षांपूर्वी. एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

"नाही," मामा म्हणाले. "गेल्या मंगळवारी. बांगड्याच्या कालवणात."

दीक्षाची बोटं थांबली. ती माझ्याकडे पाहत राहिली. खोटी तारीख घालायची नाही, हे मी गोदामात सगळ्यांना रोज बजावतो.

"मंगळवारच घाल," मी म्हटलं.