मुक्ताबाईच्या झाडोऱ्यातली पंगत

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जेवणाला बाजारातली भाजीची एक काडी लागणार नाही, असं सतीशनं चारचौघांत ठणकावून सांगितलं. सांगताना त्याच्या हातात चहाचा कप होता. त्यातली पत्ती बाजारातली, साखर बाजारातली आणि दूध पिशवीतलं! पण माणूस एकदा बोलायच्या भरात आला की आपल्या कपात काय आहे ते बघत नाही.

सतीश बीडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. त्याची आई मुक्ताबाई गेल्या मार्चमध्ये वारली. मागं दोन पोरं, एक पत्र्याचं घर आणि चौसाळ्याच्या अलीकडं हायवेला लागून वीस गुंठ्यांचा झाडोरा. त्याला शेत म्हणावं तर नांगराचा तास नव्हता, बाग म्हणावी तर रांग नव्हती. चिंचेखाली रामफळ, रामफळाखाली कढीपत्ता, शेवग्यावर वालाचा वेल, मधेच कवठ, मधेच पपई आणि पायाखाली घोळ, तांदुळजा, अंबाडी. मुक्ताबाई जे खायची त्याची बी तिथंच खोचायची. तीस वर्षं खोचत राहिली. दुष्काळात टँकरची वाट बघत सगळं गाव बसायचं, तेव्हाही तिच्या टोपलीत काहीतरी हिरवं असायचंच, आणि त्यातलं अर्धं ती वाटून मोकळी व्हायची.

थोरला अनिल गावातच राहायचा. त्याला त्या वीस गुंठ्यांत झाडं दिसत नव्हती, गाळे दिसत होते. हायवेला लागून जागा, समोर हॉटेल, शेजारी पंक्चरवाला. त्यानं जेसीबीवाल्याशी बोलून झाडं पाडायला सोमवारचा दिवस पक्का केला होता.

सतीशला हे कळलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. आई जिवंत असताना तो झाडोऱ्यात वर्षातून दोनदा फिरकायचा, तेही रामफळं न्यायला. पण ती गेल्यावर त्याच्या हाती जंगलबागेचं एक पुस्तक लागलं, मग तो पुण्याकडं दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला, आणि तिथं त्याला साक्षात्कार झाला की आपल्या अडाणी आईनं सात थरांचं खाद्यवन उभं केलंय. उंच झाडं, मधली झाडं, झुडपं, वेल, पालेभाज्या, जमिनीवर पसरणारं आणि जमिनीखाली वाढणारं. एकतीस जातींची पाखरं त्यानं वहीत लिहून काढली. लोक हे शिकायला पैसे भरतात, असं तो भावाला सांगायला गेला.

"आईला सात थर ठावं न्हवते बे," अनिल म्हणाला. "तिला भूक ठावी व्हती."

मग शब्दाला शब्द वाढला. ज्वारी-तांदूळ माझा, असं अनिल म्हणाला, पण झाडोऱ्यात एवढं पिकतंय तर रविवारी स्मृतिदिनाला येणाऱ्या दीडशे माणसांची भाजी त्यातनंच निघाली पाहिजे. निघाली तर झाडाच्या पानाला हात लावणार नाही. नाही निघाली तर सोमवारी आडवं यायचं नाही. सतीशनं त्या चहाच्या कपासकट शब्द दिला. त्याच्या बायकोनं, पंचशीलानं, त्याच्याकडं नुसतं बघितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायकोला बोलावं लागत नाही.

शनिवारी धुळाजी आचारी आला. आसपासच्या दहा गावांत लग्नातली वांग्या-बटाट्याची भाजी त्याच्याच हातची, त्यामुळं त्याला किलोच्या खाली मोजताच येत नव्हतं. त्यानं तीस किलो वांगी मागितली. सतीश टोपली घेऊन झाडोऱ्यात शिरला आणि तासाभरानं घामाघूम होऊन बाहेर आला. वांगी निघाली सात. टोमॅटो ओंजळभर. शेवग्याच्या शेंगा अठ्ठावीस. तीन पपया, त्यातली एक पाखरांनी अर्धी खाल्लेली. हादग्याची फुलं टोपलीभर, पण ती शिजली की वाटीभर होतात हे लहान पोरालाही माहीत असतं. शिवाय अकरा लिंबं, दोन कवठं आणि मधाचं एक पोळं, ज्याच्याजवळ जायची कुणाची छाती नव्हती.

सतीशनं धुळाजीला समजावून सांगितलं की जंगलबागेचं असंच असतं. ती एका दिवसात गाडीभर देत नाही, बारा महिने रोज थोडं थोडं देते. एका घराला पुरतं, वर पाखरांचाही वाटा निघतो, आणि तेच तिचं मोठेपण आहे.

धुळाजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय सर. पर उंद्या जेवायला पाखरं येणार हायेत का माणसं?"

सतीशनं टोपली पुन्हा उचलली. दीडशे माणसांपुढं आईच्या नावाची नाचक्की, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी. तो झाडोऱ्यात उगाच इकडून तिकडं फिरत राहिला, आणि पार कडेला, टाकीचं सांडपाणी जिथं मुरतं तिथं, त्याला अळू दिसलं. अळू म्हणजे आपला चमकुरा. सुपाएवढी पानं, दाट, कडेनं सगळीकडं पसरलेलं. दीडशे काय, तीनशे माणसं जेवली असती. सतीशच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनंच वाट दाखवली, असं त्याला वाटलं.

पंचशीलाला मात्र ते पटेना. आत्याबाई इथलं पान कधी तोडताना दिसल्या नाहीत, असं तिचं म्हणणं. सतीश म्हणाला, जंगलबागेत निरुपयोगी असं काहीच नसतं. ती म्हणाली, साखरामावशीला विचारू. साखराबाई ही मुक्ताबाईची चाळीस वर्षांची मैत्रीण. झाडोऱ्यातल्या निम्म्या बिया तिच्याच हातच्या. पण ती दसऱ्यापासून लेकासुनेबरोबर ऊसतोडीला गेलेली. आता कोयता हातात धरवत नव्हता, तरी नातवंडांकडं बघायला कुणीतरी लागतंच. पंचशीलानं तीनदा फोन लावला. तीनदा बंद लागला. तोवर सतीशनं अळूची पाच पोती भरली होती.

रविवारी सकाळी मांडव चिंचेखाली घातला. खाली सगळ्या पिकलेल्या चिंचा पडलेल्या. सतीशनं त्या पाल्यापाचोळ्यासकट झाडून घेतल्या आणि रामफळाच्या बुडाशी ढीग घातला. याला आच्छादन म्हणतात, यानं जमीन जिवंत राहते, असं तो झाडणाऱ्या बायकांना सांगत होता. धुळाजीनं विचारलं की भाजीत चार मुठी चिंच लागंल का, तर सतीश म्हणाला, चिंचोके काढत कोण बसणार, अकरा लिंबं आहेत की. आंबट ते आंबट.

मुक्ताबाईच्या फोटोला फुलं वाहिली, मेणबत्ती लावली, त्रिशरण पंचशील झालं. मग आदरांजलीची भाषणं सुरू व्हायची, तर लाईट गेली आणि माईक बंद पडला. ऊन चढलेलं, लांबून आलेली म्हातारी माणसं भुकेली. आधी जेवणं उरकू, भाषणं मागून, असं सगळ्यांचं ठरलं, आणि पहिली पंगत बसली.

भाजी दिसायला झकास झाली होती. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वर गूळ. सतीश स्वतः वाढत होता आणि प्रत्येक पानापुढं वाकून सांगत होता की ही आईच्या हातची आहे. पहिला ठसका कुणाला लागला ते कळलं नाही. मग एकानं पाणी मागितलं. मग दहा जणांनी. एक आजोबा भाकरीच्या तुकड्यानं जीभ घासायला लागले. पण तोंडातून कुणी अक्षर काढीना. गेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं अन्न, त्याला नाव कसं ठेवायचं? उलट पानात टाकणं बरं नव्हं म्हणून लोकांनी डोळे मिटून भाजी संपवली. काहींना तर आग्रह मोडवेना, त्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

सतीशला सगळीकडं पाणावलेले डोळे दिसले. त्याचा ऊर भरून आला. आई एवढी लोकांच्या काळजात होती आणि आपल्याला कधी कळलंच नाही!

तेवढ्यात लाईट आली. निवृत्त मुख्याध्यापक रामप्रसाद गुरुजी बोलायला उभे राहिले. त्यांनी माईक धरला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. नुसतं घळाघळा पाणी. त्यांनी छातीवर हात ठेवला, फोटोकडं बोट केलं आणि खाली बसले. पंगतीत हुंदके का खाकरणं, काही फरक कळेना. सतीश हात जोडून स्वतःही रडायला लागला. मग अनिल त्याच्यापाशी आला. त्याचा वरचा ओठ सुजून पुढं आला होता.

"काय खाऊ घातलंस बे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घशात काटे भरल्यागत झालंय."

सतीशनं एक घास तोंडात घातला. मग त्याला सगळं कळलं.

ह्याच वेळी हायवेवर ऊसतोडीचा ट्रॅक्टर थांबला. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला होता, माणसं गावाकडं परतत होती. भांड्याकुंड्यांमधनं साखराबाई खाली उतरली. मैत्रीण जाऊन वर्ष झालं तरी अख्खा गाव रडतोय हे बघून ती आधी गहिवरली. मग तिचं लक्ष अळूच्या देठांच्या ढिगाकडं गेलं आणि तिनं विचारलं की हे कुणी तोडलं. सतीशनं हात वर केला.

"आरं लेकरा, ते खायाचं न्हवं. ते मुक्तानं रानडुकरांसाठी लावलंय," साखराबाई म्हणाली. "कडंला येतेत, एक तोंड मारतेत, पुना फिरकत न्हाईत. खायाचा चमकुरा हिरीपाशी हाय, काळ्या देठाचा."

पहिल्या पंगतीतल्या साठ माणसांनी ते ऐकलं. कुणालाच काही बोलता येत नव्हतं, नाहीतर सतीशचं काही खरं नव्हतं.

साखराबाईनं वेळ घालवला नाही. सतीशच्या आच्छादनाच्या ढिगात हात घालून तिनं चिंचा उपसल्या, गुळाबरोबर एकेकाच्या हातावर ठेवल्या आणि चोखा म्हणाली. घटकाभरानं ठसके कमी झाले, ओठांची आग उतरली. दुसरी पंगत भाकरी, भात आणि गुळावर उठली. लोक नमस्कार करून गेले, पण जाताना झाडोऱ्यापासून दोन हात लांबून गेले. रामफळं घेऊन जा म्हणून सतीशनं टोपली पुढं केली, तर एकानं हात लावला नाही.

मांडव रिकामा झाल्यावर सतीश चिंचेला टेकून बसला. त्याला आईची लई आठवण आली. रामफळ पिकलंय, येऊन जा, असे तिचे फोन यायचे आणि हा कामात आहे म्हणून सांगायचा. सात थर त्यानं पाठ केले होते. पण कुठलं पान माणसाचं आणि कुठलं डुकराचं, ते त्या पुस्तकात नव्हतं. ते आईला विचारायचं होतं, आणि तेच राहून गेलं. निम्मा झाडोरा तिच्या डोक्यात होता, तो तिच्याबरोबर गेला.

"हरलो दादा," तो अनिलला म्हणाला. "उंद्या येऊ दे जेसीबीला."

अनिल मांडवाचे दोर सोडत राहिला.

दिवस कलला तशी साखराबाईनं विहिरीपाशी जाऊन काळ्या देठाची ओंजळभर पानं खुडली, चिंचेचा कोळ घालून शिजवली, आणि भाजी दोघा भावांपुढं ठेवली. दोघंही हात आखडून बसले. तिनं आधी स्वतः घास घेतला, तेव्हा सतीशनं बोट लावलं. मग भाकरीचा तुकडा बुडवला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि थांबेना. शाळेतून आल्यावर जी चव तोंडाला लागायची, ती तीच होती.

"खवखवतंय का बे?" अनिलनं विचारलं.

"व्हय," सतीश म्हणाला. "जरासं."

"मला बी," अनिल म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसले.

तेवढ्यात अनिलचा फोन वाजला. जेसीबीवाला विचारत होता, उद्या किती वाजता येऊ. अनिलनं तोंड उघडलं, पण त्याला बोलता येईना. त्यानं फोन सतीशकडं दिला. सतीशची तीच गत. शेवटी पंचशीलानं फोन घेतला, दोघांकडं एकदा बघितलं आणि सांगितलं की येऊ नका, हितं दोघांचे बी घसे बसलेत. अनिलनं मान वर केली नाही. त्यानं नुसती भाकरी मोडली आणि वाटी पुढं सरकवली.