समोरच्यांचा फ्रीज

परळीच्या श्रीवैजनाथास वंदन करून लिहितो. निमित्त असे की, आमचे शेजारी रंगनाथराव गेल्या आठवड्यात निवृत्त झाले. वडवणीच्या दुकानदारांनी त्यांचा सत्कार केला आणि तेथे चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मी त्यांचे गुण सांगितले. पण जी गोष्ट सांगायची, ती त्यांच्या नोकरीचा धर्म आड येत असल्यामुळे सभेत सांगता आली नाही. आता त्यांनीच अनुज्ञा दिली आहे. म्हणाले, "लिवा गुरुजी. आता काय, पेन्शनीतला माणूस."

रंगनाथराव आमच्या घरी आले की टीव्हीकडे पाठ करून बसत. हा संच माझ्या चिरंजीवाने आणलेला, आणि तो प्रतिस्पर्धी कंपनीचा. त्या कंपनीचे नाव रंगनाथरावांनी आयुष्यात उच्चारले नाही; ते तिला "समोरचे" म्हणत. क्रिकेटचा सामना असला की भिंतीकडे तोंड करून ऐकत आणि मध्येच विचारत, "गेली का विकेट?" मी म्हणे, "मान वळवा आणि पाहा." ते म्हणत, "तुमचं आपलं बरंय गुरुजी. मी त्यांच्या पडद्यावर जिंकलेलं बगायचं व्हय?"

टीव्ही, फ्रीज, कूलर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे ते जिल्ह्याचे विक्री अधिकारी होते. समोरच्यांचेही तसेच एक अधिकारी होते, चकलांब्याचे भागवतराव. तीच गावे, तेच दुकानदार, तीच धूळ. दोघांच्या जीपगाड्या वर्षानुवर्षे एकमेकींच्या मागेपुढे धावल्या. रंगनाथराव सकाळी दूध येण्यापूर्वी चौकशी करीत, ती भागवतरावांची. काल कुठे गेला, कोणाकडे चहा घेतला, कोणती सूट जाहीर केली.

कंपनीच्या मुख्यालयातून धोरण येत असे. ते आले की रंगनाथराव आमच्या ओट्यावर येऊन बसत. "धोरण आलंय, गुरुजी."

"कोणते?"

"मागच्याच्या उलटं."

एका वर्षी 'खेड्यात शिरा', दुसऱ्या वर्षी 'खेडी सोडा'. एकदा दिवाळीत मोठी योजना आली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास निम्मी गावे ऊसतोडीला निघून जातात. घरी म्हातारी माणसे आणि कुलपे. रंगनाथरावांनी फोनवर साहेबांना विनवले, "साहेब, गाव हाय, माणसं न्हाईत." साहेबांनी लक्ष्य वाढवून दिले. त्या दिवाळीत रंगनाथराव आणि भागवतराव ओस बाजारात समोरासमोरच्या दुकानांत जांभया देत बसले होते. पण एकाने उठून दुसऱ्याकडे चहाला जावे, हे घडले नाही. ऐकूनच मला शीण येई. पुराणातील युद्धेसुद्धा सूर्यास्ताला थांबत. यांचे थांबत नसे.

खरा बाजार उघडे तो तोडकरी परतल्यावर, लग्नसराईत. मुलीला द्यायचे आंदण मांडवात मांडून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे: कपाट, पलंग, कूलर, फ्रीज. ही रीत मला रुचत नाही, पण माझ्या रुचीला विचारतो कोण? रंगनाथराव निमंत्रण नसले तरी मांडवात जात आणि फ्रीज कोणाचा ते पाहून येत. त्यांच्या पत्नी सुमनबाई म्हणत, "यान्ला नवरानवरी दिसतच न्हाईत. आमच्या लग्नातबी माझ्याकडं कवा बगितलं, द्येव जाणे!"

यंदा फाल्गुनात समोरच्यांच्या मुख्यालयाने ठरवले की, फ्रीज आणि टीव्हीचा धंदा परवडत नाही, मोबाईल तेवढे विकावेत. पाट्या उतरल्या, माल परत गेला, भागवतरावांना घरी बसवले. रंगनाथरावांच्या साहेबांनी फोनवर अभिनंदन केले आणि पेढे वाटायला सांगितले. ते पेढा घेऊन आमच्याकडे आले. पण त्यांचा चेहरा सुतकी.

"बाजार तुमचा झाला ना?" मी विचारले.

"झाला की." पेढा माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "भागवतरावाच्या पोरीचं लगीन हाय आखितीला. मांडवात फ्रीज कोणाचा ठेवायचा त्येनं?"

"तुमचाच ठेवतील. दुसरा आहे कोठे?"

"तेच की! जन्मभर ज्याच्यासंगं झुंजला, त्याचा फ्रीज पोरीच्या मांडवात उभा करायचा, अन् जिल्ह्यातल्या समद्या दुकानदारांनी तो बगायचा. न्हाई गुरुजी. माणूस लई ताठ हाय. त्येला असं वाकवायचं न्हाई."

आणि मग निवृत्ती तोंडावर आलेला हा मनुष्य मला जीपमध्ये घालून समोरच्यांचा फ्रीज शोधत हिंडू लागला. कंपनीला कळले असते तर शेवटच्या दिवसांत बेअब्रू होऊन घरी बसावे लागले असते. दुकानदार 'न्हाई' म्हणत, ते पुढचे गाव धरीत. अखेर नेकनूरला सरकीच्या पोत्यांमागे एक फ्रीज सापडला. लाल रंगाचा, दारावर फुले.

दुकानदाराने विचारले, "साहेब, तुमी? अन् त्यांचा माल? कावून?"

"अभ्यासाला पायजे," रंगनाथराव म्हणाले.

"मेल्या कंपनीचा कसला अभ्यास बे?" असे तो नोकराकडे पाहून पुटपुटला. पावती रंगनाथरावांनी माझ्या नावाने करवली. संध्यावंदन करणाऱ्या ब्राह्मणाकडून या वयात एवढेच व्हायचे राहिले होते.

अक्षय्य तृतीयेला चकलांब्यात मंगलाष्टके म्हणायला मीच होतो. मांडवात लाल फ्रीज उभा. भागवतराव पुनःपुन्हा त्याच्याकडे पाहत होते. मला म्हणाले, "गुरुजी, न सांगता टेम्पोनं आला बगा. आमच्या कंपनीनं आठवण ठेवली म्हणायची!"

असत्य बोलणे मला शक्य नव्हते. मी म्हणालो, "ज्याने ठेवायची, त्याने ठेवली."

रंगनाथराव आले ते थेट फ्रीजपाशी. दार उघडले, मिटले. "रबर ढिलं हाय. म्हणून तर बुडाले."

"अन् तुमचा फ्रीज?" भागवतराव कडाडले. "घरघर अशी की शेजारी पोलिसात जात्यात!"

जेवणाची पंगत उठली तरी ते भांडण चालूच होते. इतके टवटवीत मी दोघांनाही कधी पाहिले नव्हते.

पाठवणीच्या वेळी आंदण टेम्पोत चढू लागले. गड्यांनी फ्रीज आडवा करताच रंगनाथराव ओरडले, "उभा धरा! आडवा केला तर आतलं तेल फिरतं!" आणि धोतराचा सोगा खोचून स्वतःच वर चढले. त्यांनी फ्रीजभोवती गोधडी गुंडाळली, दोर आवळला, तरी खाली उतरेनात. त्याच्या अंगावर हात ठेवून तसेच उभे राहिले. रंगनाथरावांना मूलबाळ नाही. त्यांच्या दारातून कोणाची पाठवणी झालेली नाही.

भागवतराव टेम्पोजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आमच्या कंपनीत इतकी काळजी घेणारं कुणीच नव्हतं, साहेब. मला वळकता आलं. उतरा आता. पोरगी माझी हाय."

रंगनाथरावांनी बाहीने डोळे पुसले. "धूळ लई हाय तुमच्या गावात," ते म्हणाले आणि उतरण्यासाठी त्यांनी भागवतरावांच्या खांद्याचा आधार घेतला. टेम्पो वळणाआड गेला, तरी तो हात खांद्यावरच होता.

वाचकहो, तुमच्या घरी धान्याची रास आणि पाण्याची घागर सदैव भरलेली असो. लेकीबाळी सुखाने नांदोत. आणि भांडायला का होईना, दारात येणारे एक माणूस श्रीवैजनाथ तुम्हांस अखेरपर्यंत देवो.